किल्लीवालीच्या खांद्याची गोष्ट

(सीताबर्डी येथील बैठकीत केलेले भाषण)



मी तुरुंगातल्या बायांबद्दल बोलणार म्हटल्यावर तुम्हाला कैदी बायाच आठवल्या असतील. मी बोलणार आहे ती किल्लीवालीबद्दल. तुम्ही मुलाखतीला येता तेव्हा खाकीत उभी राहून जी तुमची पिशवी उलथीपालथी करते, ती मी. एकोणतीस वर्षं महिला शिपाई होती, आता निवृत्त झाली.

तुमच्यातल्या काही जणींच्या कपाळावर आठी आलेली दिसते आहे मला. ती उगाच नाही. 2017 साली भायखळ्याच्या तुरुंगात मंजुळा शेट्ये ही कैदी बाई मारहाणीने मेली, आणि अटक झाली ती तिथल्याच महिला कर्मचाऱ्यांना. त्याची सफाई द्यायला मी आलेली नाही. त्याला माफी नाही. पण म्हणून किल्लीवालीला क्षयरोग झाला तर तो कोणी पाहायचा नाही, असं होत नाही ना?

आता माझीच गोष्ट ऐका. ज्या तुरुंगात घडली त्याचं नाव घेत नाही. बराकीत नळावरून दोघींची जुंपली. सोडवायला गेले, तर तिघी ओल्या फरशीवर आपटलो आणि माझा उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी बसवून दिला, गळ्यात झोळी अडकवली. साहेबांनी विचारलं, "बाई, किती दिवस?" मी म्हटलं, दीड महिना. त्यांनी माझ्याच शिल्लक रजेतून तो कापला. पुढच्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला रजाच उरली नाही. मी गप्प बसले, कारण मला वाटलं नियमच तसा असेल.

नियम तसा नव्हता. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम 1981 सालचे आहेत. त्यात 'विशेष विकलांगता रजा' आहे. कर्तव्य बजावताना कोणी मुद्दाम इजा केली तर नियम 75, अपघाताने झाली तर नियम 76. ही रजा चोवीस महिन्यांपर्यंत मिळू शकते. पहिले 120 दिवस पूर्ण रजावेतन, पुढे अर्धपगारी. आणि मुख्य म्हणजे ती आपल्या रजेच्या खात्यातून वजा होत नाही! क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, पक्षाघात यांच्यासाठी त्याच नियमांत निराळी रजा आहे. मला हे निवृत्तीच्या दोन वर्षं आधी कळलं, तेही एका कारकुनाच्या टेबलावर पुस्तक उघडं पडलं होतं म्हणून.

आता यातली मेख बघा. इजेचा परिणाम साधारण तीन महिन्यांत दिसला पाहिजे, आणि बाईने तो वेळेवर वरिष्ठांच्या कानावर घातला पाहिजे. ही इजा कामामुळेच झाली असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र पाहिजे. आमच्याकडे रजिस्टरात काय लिहितात? 'पाय घसरून पडली.' भांडण झालं असं लिहिलं तर चौकशी लागते, ती कोणालाच नको असते. पडणारीलासुद्धा नको असते, हे मी कबूल करते. मीही त्याच नोंदीखाली सही केली होती.

रजा मागायला तोंड उघडत नाही, त्याचं आणखी एक कारण आहे. 1894 च्या तुरुंग कायद्यापासून कैदी बाईची झडती बाईनेच घ्यायची असं ठरलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण महिला शिपाई मोजक्या. एक घरी बसली की दुसरीला सलग दोन पाळ्या. मग आजारीण मैत्रिणीच्या तोंडाकडे बघून कामावर येते. रात्रपाळीला लघवीला जायला बदली मिळत नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. मूत्रमार्गाची जळजळ हा आमच्यात बोलायचा विषयच नव्हता, ती गृहीतच.

तपासणीचं म्हणाल, तर भरतीच्या वेळी उंची मोजली, डोळे पाहिले. चाळिशीनंतरच्या तपासणीचा खर्च सरकार देतं, पण बाविसाव्या वर्षी बराकीत शिरणाऱ्या पोरीने चाळिशीपर्यंत काय करायचं? क्षयाचे जंतू वय विचारत नाहीत. कोंदट, गच्च भरलेल्या बराकीत कैदी बाई खोकते तीच हवा आम्ही घेतो. 2020 च्या जुलैत आपल्या इथल्या, वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात करोना शिरला तेव्हा कैदी आणि कर्मचारी दोघांनाही लागण झाली. म्हणून मी म्हणते, तपासणी मागायची तर दोघींसाठी एकदम मागा. थुंकीची तपासणी, रक्तातलं लोह, गर्भाशयमुखाची तपासणी. कैदी बाईला नाही आणि आम्हाला आहे, असं मला नको.

शेवटी एक काम सांगते. माझ्यानंतर भरती झालेल्या एका मुलीची कंबर, बेशुद्ध पडलेल्या कैदी बाईला उचलताना, धरली आहे. त्याला सात आठवडे झाले. रजिस्टरात नोंद आहे, पण प्रमाणपत्रात 'कंबरदुखी' एवढंच लिहिलं आहे, कशाने ते नाही. तिला दुरुस्त प्रमाणपत्र मिळवायचं आहे आणि नियम 76 खाली अर्ज करायचा आहे. एकटी गेली तर डॉक्टर पाच मिनिटांत परत पाठवतील. येत्या मंगळवारी सकाळी नऊला तिच्याबरोबर जायला मला दोघी हव्यात, त्यातली एक मराठी अर्ज नीट लिहिणारी असली तर बरं.

कोण येतंय?