मधल्या सुट्टीच्या अर्धा तास आधी



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. ते मी ऑफिसात रोजच बोलते. आज दुसरं सांगते.

आपल्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीच्या अर्धा तास आधी उठून जायची, आठवतं? नेमका गणिताचा तास असायचा. “हिची मजा आहे,” असं आपण म्हणायचो. मी तर “नाटकं करते” असंही म्हटलं होतं, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. ती शिक्षकांच्या खोलीत इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायला जायची. (हे सांगायला तिची परवानगी घेतली आहे.)

अर्धा तास आधीच का, हे मला फार उशिरा कळलं. उत्तर क्ष-किरणांनी दिलेलं आहे.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अणू-अणूंमधल्या अंतराच्या हजारो पट असते, म्हणून त्या प्रकाशात अणू दिसत नाहीत. क्ष-किरणांची तरंगलांबी साधारण त्या अंतराएवढीच. पण त्यांना आपलं नेहमीचं भिंग चालत नाही. मग पदार्थाचा स्फटिक करायचा, त्यावर किरण सोडायचे आणि फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांवरून गणिताने रचना काढायची. गोम अशी, की ठिपका किती ठळक ते मोजता येतं, पण लहर कोणत्या कलेत आली ते फिल्मवर उमटत नाही. आमच्या भाषेत, अर्धी माहिती उडालेली फाइल! ती भरून काढायला स्फटिकात जड अणू घालून पुन्हा सगळी मोजमापं घ्यायची.

डोरोथी हॉजकिन यांच्या हाती इन्सुलिनचे स्फटिक आले 1934 मध्ये, तेव्हा त्या 24 वर्षांच्या होत्या. पहिला फोटो धुऊन झाल्यावर रात्री त्या ऑक्सफर्डच्या रस्त्यांवर आनंदाने भटकत राहिल्या. रचना उलगडली 1969 मध्ये. मधल्या काळात पेनिसिलिन झालं, बी-12 झालं, 1964 चं नोबेल मिळालं, संधिवाताने बोटं वाकडी झाली. इन्सुलिन काही सुटेना. शेवटच्या टप्प्यात त्यांच्या गटात आपले एम. विजयनही होते, पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेलेले.

त्या स्फटिकात काय दिसलं? इन्सुलिनचे सहा रेणू, दोन जस्ताच्या अणूंभोवती जुडी बांधून बसलेले. इंजेक्शननंतर ही जुडी सुटेपर्यंत इन्सुलिन रक्तात नीट उतरत नाही. तोच तो अर्धा तास. पुढे साखळीच्या टोकाजवळच्या दोन अमिनो आम्लांची अदलाबदल केली, तेव्हा जुडी चटकन सुटू लागली. या लिस्प्रो इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली 1996 मध्ये. आपली दहावीही त्याच वर्षीची.

ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. बाई गं, ते “नाटकं” मी म्हटलं होतं. तुला माहीत होतंच, असं तू परवा फोनवर म्हणालीस, आणि हसलीस. मला हसू आलं नाही.

जेवण दीड वाजता आहे. या वेळी ती आपल्याबरोबरच उठणार आहे.