वाळूवर मांडलेले गणित

शिक्षकाचे काम म्हटले की वर्ग, फळा आणि तासाची घंटा डोळ्यांपुढे येते. प्राध्यापक असेल तर त्यात ग्रंथालयाची भर पडते. परंतु एखादा प्राध्यापक सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी जातो, उष्ण कटिबंधातील एका विख्यात समुद्रकिनाऱ्यालगत बिऱ्हाड करतो आणि रोजची सकाळ वाळूत व लाटांत घालवितो, असे कानी आले म्हणजे हे काम की चैन, अशी शंका सामान्य माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. ही शंका गैर म्हणता येणार नाही, कारण तो पैसा अखेर त्याच्याच करातून गेलेला असतो. अमेरिकेत ही शंका एकदा राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान-सल्लागारांच्या मुखातून जाहीरपणे व्यक्त झाली. ज्यांच्या प्रवासामुळे ती उद्भवली ते गणिताचे प्राध्यापक म्हणजे स्टीफन स्मेल.

स्मेल यांचा जन्म १९३० साली मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे झाला. त्यांचे प्राथमिक शिक्षण खेड्यातील एकखोली शाळेत झाले. पुढे मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते शिकागो येथे शिकवू लागले. तेथे एलॉन लिमा या ब्राझिलियन विद्यार्थ्याशी त्यांचा परिचय झाला आणि लिमांच्या द्वारा मॉरिसिओ पेशोतो यांच्याशी. रिओ द जानेरो येथे १९५२ साली स्थापन झालेल्या शुद्ध व उपयोजित गणित संस्थेच्या संस्थापकांपैकी पेशोतो हे एक. या दोघांच्या निमंत्रणावरून, अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती घेऊन, १९६० च्या आरंभी स्मेल पत्नी व दोन लहान मुलांसह रिओला आले आणि सुमारे सहा महिने राहिले.

त्यांना घर मिळाले ते कोपाकबानाच्या लांबलचक किनाऱ्याच्या एका टोकाला, लेमे या भागात. घर अकरा खोल्यांचे होते. त्याचा मालक हवाई दलातील अधिकारी. नुकत्याच फसलेल्या एका लष्करी उठावात तो सामील होता व अर्जेंटिनास पळून गेला होता. डॉलरची किंमत तेथे मोठी असल्यामुळे एका तरुण गणितज्ञास हे वैभव परवडले. सकाळी स्मेल कागद व लेखणी घेऊन किनाऱ्यावर जात, मध्येच लाटांवर पोहत आणि पुन्हा वाळूत बसून विचार करीत. दुपारी मात्र बस धरून संस्थेत जाण्याचा त्यांचा परिपाठ होता. तेथे लिमांशी व पेशोतोंशी चर्चा होई आणि ग्रंथालयात वाचन चाले. किनाऱ्याची कथा सांगताना या दुपारच्या बसचा लोकांना बहुधा विसर पडतो.

रिओत असतानाच त्यांना मॅसॅच्युसेट्स येथील नॉर्मन लेव्हिन्सन या गणितज्ञाचे पत्र आले. गतिमान व्यवस्थांविषयी स्मेल यांनी एक अनुमान प्रसिद्ध केले होते. लहानसहान फेरफारांनी न ढळणाऱ्या व्यवस्थांची चाल अखेरीस साधीच असते, असा त्याचा मथितार्थ. लेव्हिन्सन यांनी कळविले की, मेरी कार्टराइट व जॉन लिटलवुड या इंग्लंडमधील गणितज्ञांचे महायुद्धाच्या काळातील संशोधन या अनुमानाच्या विरुद्ध जाते; त्यांनी स्वतःही त्या दिशेने काम केलेले होते. स्मेल यांनी ती गुंतागुंतीची समीकरणे चित्ररूपात पाहण्याचा प्रयत्न आरंभिला आणि त्यातून त्यांना एक आकृती सापडली. चौरस लांब ताणावा, घोड्याच्या नालेप्रमाणे वाकवावा, मूळ जागी ठेवावा आणि हीच क्रिया पुन्हा पुन्हा करावी. घडीची पोळी करताना कणीक लाटून दुमडतात, तसाच काहीसा हा प्रकार. शेजारशेजारचे दोन बिंदू थोड्याच आवर्तनांत एकमेकांपासून दूर फेकले जातात आणि तरीही ही सगळी अव्यवस्था बारीकसारीक धक्क्यांनी नाहीशी होत नाही. ‘स्मेल यांचा नाल’ या नावाने ती आकृती आज गणिताच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. नियमांनी पूर्ण बांधलेल्या गतीतूनही अदमास न लागणारे वर्तन कसे निपजते, हे समजून घेण्याचे ते एक मूलभूत साधन ठरले.

त्याच सहा महिन्यांत दुसरे मोठे काम झाले. फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वँकारे यांनी १९०४ साली गोलाविषयी एक प्रश्न मांडला होता. एखाद्या मर्यादित व निष्कंठ त्रिमितीय आकारावर दोऱ्याचा कोणताही फास टाकला आणि तो न अडखळता एका बिंदूपर्यंत आवळता आला, तर तो आकार मूलतः गोलच असतो काय? हाच प्रश्न अधिक मितींतही विचारता येतो. अधिक मितींची कोडी अधिक अवघड असणार, अशी सर्वसाधारण समजूत होती. स्मेल यांनी ती उलटी ठरविली. कागदावर एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेषा सोडविता येत नाहीत, पण हवेत धरलेल्या दोन दोऱ्यांपैकी एक उचलून बाजूला घेता येतो. त्याचप्रमाणे पाच व त्याहून अधिक मितींत हालचालीस पुरेसा अवकाश मिळतो. त्याचा उपयोग करून त्यांनी तेथील सिद्धता दिली. चार मितींचा प्रश्न सुटण्यास १९८२ साल उजाडावे लागले, तर तीन मितींची सिद्धता ग्रिगोरी पेरेलमन यांनी २००२-०३ मध्ये मांडली.

१९६६ साली मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत स्मेल यांना फील्ड्स पदक मिळाले. तेथेच, विद्यापीठाच्या पायऱ्यांवर उभे राहून, त्यांनी व्हिएतनाममधील अमेरिकेच्या युद्धाचा निषेध केला आणि त्याबरोबर हंगेरीतील रशियन हस्तक्षेपाचीही निर्भर्त्सना केली. मायदेशी राजकारणी मंडळी प्रक्षुब्ध झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत सरकारी अनुदानावर परदेशी हिंडताना या गृहस्थांनी काम तरी काय केले, अशी विचारणा सुरू झाली. उत्तरादाखल स्मेल यांनी विद्यापीठाला लिहिले की, आपले गणित आगबोटीवर, हॉटेलांत व तंबूतही चालते आणि आपले सर्वांत प्रसिद्ध काम रिओच्या किनाऱ्यावर झाले आहे. हे वाक्य गाजले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचे विज्ञान-सल्लागार डोनाल्ड हॉर्निग यांनी १९६८ साली त्याचा रोख धरून टीका केली: रिओच्या किनाऱ्यावरील गणिती निर्मितीचा भार करदात्याने उचलावा, असे गणितज्ञ गंभीरपणे सुचवितात, हे त्यांना खटकले होते.

करदात्यास हिशेब मागण्याचा अधिकार आहे, यात वाद नाही. वाद आहे तो हिशेब कशाचा मागावा, याविषयी. बसण्याच्या जागेचा व तासांचा हिशेब मागितला, तर वाळूत बसलेला मनुष्य सदैव आळशीच दिसेल आणि कचेरीतल्या खुर्चीवर पेंगणारा उद्योगी ठरेल. उलट, केवळ किनाऱ्यावर गेल्याने कोणास सिद्धता सुचत नाही. स्मेल यांच्या त्या सकाळींमागे कित्येक वर्षांचा अभ्यास होता, चूक दाखविणारे पत्र मोकळ्या मनाने वाचण्याची तयारी होती आणि दुपारी वाद घालण्यास समानधर्मी माणसे होती. परत आल्यावर छापून निघालेले काम जगातील तज्ज्ञांनी पारखून घेतले. हिशेब मागावयाचा तो याचा.

शिवाय या प्रवासाचे फळ एकट्या अमेरिकेच्या पदरात पडले नाही. जाकोब पालिस हे ब्राझिलियन तरुण बर्कलीला स्मेल यांच्या हाताखाली शिकले, १९६७ साली डॉक्टर झाले आणि रिओच्या त्याच संस्थेत परतून पुढे तिचे संचालक झाले. पालिस यांचे शिष्य वेलिंग्टन द मेलो आणि द मेलो यांचे शिष्य आर्तुर आव्हिला. आव्हिला यांना २०१४ साली फील्ड्स पदक मिळाले. लॅटिन अमेरिकेत आलेले ते पहिलेच. २०१८ साली गणिताची जागतिक परिषद रिओ नगरीत भरली. दक्षिण गोलार्धात ती त्यापूर्वी कधीच भरली नव्हती. एका शिक्षकाच्या सहा महिन्यांच्या मुक्कामाची किंमत त्या वर्षीच्या जमाखर्चाच्या वहीत लिहिली गेली असेल, पण त्याची जमेची बाजू पूर्ण होण्यास अर्धशतक लागले.