नोझलवरचा आकडा वाचा, नुसता रंग बघू नका

दिवसभर मी कोड लिहितो, पण आज बोलणार आहे पाण्याबद्दल. नेमकं सांगायचं तर प्रेशर वॉशरच्या त्या बोटाच्या पेराएवढ्या नोझलबद्दल.

आमचं दिंडोशी डोंगराला लागून. पाऊस गेला तरी सोसायटीच्या पायऱ्या, गच्ची, पार्किंग यांवर शेवाळ राहतंच. त्यावरून एखाद्या आजींचा पाय घसरला की खुब्याच्या हाडावर बेततं. म्हणून हल्ली सोसायट्या वर्गणी काढून प्रेशर वॉशर घेतात. घेताना सगळे विचारतात, "किती बारचं?" नोझलचं कुणी विचारत नाही. आणि खरा खेळ तिथेच आहे.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पंप पाणी ढकलतो, दाब तयार होतो नोझलमुळे. मिनिटाला ६ लिटरचा पंप साधारण ६ लिटरच ढकलणार. ते पाणी बारीक भोकातून निघताना अडतं आणि मागे दाब चढतो. १०० बार म्हणजे किती? गच्चीवरची टाकी एक किलोमीटर उंच असती, तर खालच्या नळाला जेवढा दाब आला असता, तेवढा!

आता रंग. लाल शून्य अंश, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४० आणि काळा साबणासाठी. हा झाला धारेचा कोन. भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर धरलात तर पिवळ्याचा पट्टा सुमारे ८ सेंटिमीटर रुंद पडतो, हिरव्याचा १३, पांढऱ्याचा २२. तेच पाणी जास्त जागेत पसरलं की मार सौम्य होतो. पंपातला दाब मात्र रंगावर ठरत नाही, तो भोकावर ठरतो. आणि भोकाची साइज नोझलवर कोरलेल्या आकड्यात असते. २५०४० लिहिलं असेल तर २५ अंश कोन आणि साइज ४.

आपली साइज कशी काढायची? मिनिटाचे लिटर ३.८ ने भागा. मग २७६ ला मशिनच्या बारने भागून वर्गमूळ काढा. दोन्ही उत्तरं गुणा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम. ६ लिटर आणि १०० बारला उत्तर येतं २.६ च्या आसपास. बाजारात मिळतात २.५ आणि ३. अडीचवर दाब ११० पर्यंत चढेल, तीनवर ७७ पर्यंत उतरेल. मशिनची कमाल मर्यादाच १०० असेल, तर मोठा, म्हणजे ३ घ्या.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकाने काय होतंय? याच मशिनला मोठ्या मशिनचा साडेपाचचा नोझल लावा. दाब थेट २३ बारवर येईल. पाणी भरपूर दिसेल, शेवाळ जागचं हलणार नाही. उलट "बारीक भोक, म्हणजे पाणी वाचेल" म्हणून २ चा लावलात, तर दाब मर्यादेपलीकडे जाऊ लागतो, बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेच पाणी पंपात फिरून तापतं. सील जातात, मोटरवर ताण येतो.

पाणी वाचवायचं असेल तर योग्य साइज लावा, काम लवकर उरकतं. इथल्या नागरी निवारा वसाहतीमागे ज्यांचे कष्ट होते, त्या मृणाल गोरेंना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत. त्यांच्या भागात पाणी उधळणं बरं दिसत नाही. ६ लिटरचं मशिन अर्धा तास चाललं तर १८० लिटर, हा हिशोब लक्षात ठेवा.

गच्चीवर काम करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. टाकी तिथेच असल्यामुळे गच्चीवरच्या नळाला जोर नसतो. १५ लिटरची बादली भरायला अडीच मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील, तर ६ लिटरच्या पंपाला पाणी पुरणार नाही. तो हवा ओढेल, धार धक्के मारेल. मग नोझल बदलून काही होणार नाही. आणि जुना नोझल तपासत जा. गाळ-रेतीने भोकाचा व्यास १० टक्के वाढला, तरी दाब जवळपास एक तृतीयांश घटतो. मशिन बिघडलं म्हणण्याआधी नवा नोझल लावून बघा.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. पायऱ्यांना हिरवा, रंगाच्या भिंतीला लांबून पांढरा. लाल नोझल सोसायटीच्या कामाला नकोच. ती धार कातडी फोडून आत शिरते. बाहेरून सुईएवढी जखम दिसली, तरी आत नुकसान मोठं असू शकतं, म्हणून लगेच हॉस्पिटल गाठायचं. मशिन बऱ्याचदा वॉचमनकाकांच्या किंवा सफाईवाल्या दादांच्या हातात असतं. त्यांना गमबूट आणि गॉगल द्या. नोझल बदलताना मशिन बंद करून, ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडायचा, हेही दाखवा.

तर आज घरी गेल्यावर नोझलवरचा आकडा वाचा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाका. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!