कवितेचीं हत्यारें आणि त्यांचीं नांवें
(एका खेडेगांवच्या शाळेंत पालकांपुढें दिलेलें व्याख्यान)



आजचा विषय ऐकून पुष्कळांच्या मनांत आलें असेल कीं, मास्तरांनीं हें काय काढलें! खताचा भाव, विहिरीचें पाणी, मुलांची फी हे विषय सोडून कवितेचे अलंकार आणि वृत्तें घेऊन आम्हांला काय करायचें आहे? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचें उत्तर आधीं देतों.

तुमचीं मुलें दहावीला जातात. मराठीच्या पेपरांत त्यांना कवितेचें रसग्रहण लिहावें लागतें. पोरगें घरीं गाइड उघडून 'उपमेय, उपमान' असें घोकत बसतें. आई चुलीपुढून ऐकते आणि म्हणते, 'बाबा, हें शहाण्यांचें काम. आम्हां अडाण्यांना त्यांतलें काय कळतंय!' आमचा आजचा झगडा ह्या एका वाक्याशीं आहे. हीच माउली दिवसांतून दहा वेळां उपमा वापरते. तिच्या सासूच्या तोंडीं शेंकडों ओंव्या आहेत. माल आपल्या घरांत आहे, पण त्यावरची चिठी वाचतां येत नाहीं म्हणून घरधनीच आपल्या मालाला परका झाला आहे. सुताराच्या पोराला पटाशी, रंधा, वाकस हीं नांवें ठाऊक नसतील तर त्याला हत्यार मागतां येईल काय? कवितेच्या संज्ञा म्हणजे हत्यारांचीं नांवें होत. ह्याहून त्यांत मोठें गूढ नाहीं.

आतां एक एक हत्यार हातांत घेऊं.

पहिली ओंवी. जात्यावरची ओंवी अक्षरें मोजून होत नाहीं. ती जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबते आणि आंखडते. ग्रंथांतल्या ओंवीला चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांच्या शेवटीं सारखा नाद येतो, त्यास यमक म्हणतात, आणि चौथा चरण आंखूड व मोकळा असतो. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० सालीं ह्याच ओंवींत झाली. तिच्यांत नऊ हजारांवर ओंव्या आहेत. पण ओंवी त्याहून जुनी आहे. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत अशी नोंद आहे कीं, महाराष्ट्रांतल्या बायका कांडण करतांना ओंवी गातात. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधीं दीडशें वर्षें ओंवी तुमच्या उखळापाशीं बसलेली होती! मग अडाणी कोण ठरलें?

दुसरा अभंग. मोठ्या अभंगांत चार चरण. पहिल्या तीनांत सहा सहा अक्षरें, चौथ्यांत चार, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटीं. लहान अभंगांत आठ आठ अक्षरांचे दोन चरण, यमक त्यांच्या शेवटीं. आज रात्रीं भजनांत बोटांवर मोजून पाहा. चालींत कोठें अक्षर ओढलें जातें तें कळेल. जोतीराव फुले ह्यांनीं अभंगाच्या धाटणीच्या आपल्या रचनांना 'अखंड' असें नांव दिलें, तेंही ध्यानांत ठेवा.

तिसरें वृत्त. ह्याचा मुलांना फार धाक वाटतो. ऱ्हस्व अक्षर म्हणजे लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ म्हणजे गुरु, त्याच्या दोन. अनुस्वाराचा स्पष्ट उच्चार होतो तें अक्षरही गुरु, आणि पुढच्या जोडाक्षराचा ज्यावर जोर पडतो तेंही गुरु. लोहार घण मारतो तेव्हां एक ठोका हलका, एक जड, तसेंच हें. तीन अक्षरांचा एक गण. लघु आणि गुरु हीं दोनच, जागा तीन. दोन दुणे चार, चार दुणे आठ. म्हणून गण आठच, नववा शोधूनही सांपडणार नाहीं. पुस्तकांत त्यांस य, र, त, न, भ, ज, स, म म्हणतात. आम्हीं मुलांना ते गांवांतल्या शब्दांवर शिकवितों: शिवारीं हा य, चावडी हा र, लोहार हा त, गवत हा न, नांगर हा भ, सुतार हा ज, मडकें हा स, आणि बैलांना हा म. आतां 'शिवारीं' हा शब्द चार वेळां ठेक्यांत म्हणून पाहा. बारा अक्षरें झालीं, आणि तुम्ही भुजंगप्रयात वृत्त म्हटलेंत! रामदासांचे मनाचे श्लोक ह्याच वृत्तांत आहेत.

चौथे अलंकार. पावसानें ओढ दिली कीं आपण म्हणतों, 'जमीन तव्यासारखी तापली.' ही उपमा. जिच्याविषयीं बोलायचें ती जमीन उपमेय. जिच्याशीं तुलना केली ती वस्तु, म्हणजे तवा, हें उपमान. दोघांत सारखा असलेला तापण्याचा गुण हा साधारण धर्म. आणि 'सारखी' हा साधर्म्यवाचक शब्द. 'जमीन जणूं तवाच' म्हटलें कीं उत्प्रेक्षा. जमीन आणि तवा ह्यांत भेदच ठेवला नाहीं, 'पायाखालचा हा तवा आम्हीं नांगरणार कसा' असें म्हटलें, कीं रूपक. एकच तापलेली जमीन, पण मनाचा ताप पायरीपायरीनें वाढत गेला. कोणती पायरी कवीनें कां निवडली, हें सांगणें म्हणजेच रसग्रहण. वीर, करुण, हास्य, शांत इत्यादि नऊ रसांचीं नांवें मुलें पाठ करतात. पण कडकलक्ष्मीचा आसूड आणि पोवाड्याचा डफ ऐकणाऱ्याला भयानक व वीर ह्यांतला फरक अंगावरच्या कांट्यानें कळतो.

आतां जें सांगतों तें नीट ऐका, कारण त्यांत तुमचा प्रपंच आहे. शब्दाला तीन शक्ति असतात. 'बैल गोठ्यांत आहे' हा सरळ अर्थ, ही अभिधा. 'सारा गांव रानांत गेला' म्हटलें तर घरें उठून जात नाहींत, माणसें जातात, ही लक्षणा. आणि सावकार बांधावर उभा राहून नुसतें म्हणतो, 'यंदा पीक जोमाचें दिसतें, पाटील!' त्यानें व्याजाचा शब्दही काढला नाहीं; तरी तुमच्या पोटांत गोळा येतो. ही व्यंजना! काश्मीरचा आनंदवर्धन नांवाचा पंडित नवव्या शतकांत होऊन गेला. न बोललेला हा अर्थच काव्याचा प्राण, असें त्यानें 'ध्वन्यालोकां'त मांडलें. तुम्हांला तो अर्थ कळतो. फक्त त्याचें नांव ठाऊक नव्हतें.

नांव कळल्यानें काय होतें? फसगत टळते. 'हजामत करणें' म्हणजे लुबाडणें, 'चांभारचौकशी' म्हणजे रिकामटेकडी विचारपूस, असे शब्द आपणही सर्रास बोलतों. ही लक्षणा आहे. पण तिच्या आंत कोणाची तरी हेटाळणी भरलेली आहे, आणि ज्याचा धंदा त्यालाच ती मुकाट्यानें ऐकावी लागते. आतां दुसरी बाजू पाहा. सेना न्हाव्यानें आपल्या धोपटींतला आरसा घेतला आणि त्याचें विवेकाशीं रूपक केलें. नरहरि सोनारानें आपल्या देहाला बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी केलें. सावता माळ्याला मळ्यांतल्या भाजींत विठ्ठल दिसला. धंदे तेच आहेत. उपमा देणारें तोंड बदललें, आणि अपमानाच्या जागीं मान आला! म्हणून कविता वाचतांना मुलाला पहिला प्रश्न शिकवा: ही उपमा कोण देतो, आणि कोणाला देतो?

विशेषणाचेंही तसेंच. शिवाजी महाराज एकच. पण कोणी त्यांना गोब्राह्मणप्रतिपालक म्हणतो, आणि १८६९ सालच्या आपल्या पोवाड्यांत जोतीराव त्यांना कुळवाडीभूषण म्हणतात. कवि कोठें उभा राहून पाहतो, हें त्याच्या विशेषणावरून ओळखावें. मात्र येथें एक सावधगिरी हवी. कवि आणि कवितेंत बोलणारा हे नेहमीं एकच नसतात. एकनाथांच्या भारुडांत कधीं वासुदेव बोलतो, कधीं जोशी, कधीं विंचू चावलेला माणूस. पुरुष संतांनीं गौळणींत बाईच्या तोंडून बोलणें केलें आहे. म्हणून 'कवि म्हणतो' असें लिहिण्याआधीं मुलानें थांबून पाहावें कीं, बोलतो कोण?

आतां कोणी म्हणेल, ह्या जुन्या पुराण्या गाण्यांना छापील पुस्तकांत कोण विचारतो? तर ऐका. खानदेशांतल्या बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, मृत्यु १९५१. शेतकरीण, अक्षरओळख नाहीं. जात्याला त्या आपल्या बोलींत घरोट म्हणत. त्यांचीं गाणीं घरच्या माणसांनीं उतरून घेतलीं, म्हणून १९५२ सालीं पुस्तक झालें, आणि आज तीं शाळेंत शिकवितात. उतरून घेतलीं नसतीं तर? तीं चितेबरोबर गेलीं असतीं. पुढें हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ ह्यांच्या कामांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओंव्या गोळा झाल्या. त्या गाणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्याच घरांतल्या बाया होत.

जातें आतां अडगळींत गेलें, पीठ गिरणींत दळतें. जात्याचें आम्हांला दुःख नाहीं. बायांचे हात सुटले, हें चांगलेंच झालें. पण हाताबरोबर तोंडही मुकें कां व्हावें? म्हणून आमची विनंति एवढीच. प्रत्येक घरानें एक शंभर पानी वही घ्यावी. मुलानें किंवा मुलीनें आजीजवळ बसावें, तिची राजीखुशी घ्यावी, आणि तिच्या ओंव्या तिच्याच बोलींत लिहाव्या. पुस्तकी भाषा करून त्या 'सुधारूं' नयेत; आजी 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं'च लिहावें. वर आजीचें नांव, माहेर आणि सासर लिहावें, कारण गाणाऱ्याचें नांव पुसण्याची चाल फार जुनी आहे. मग त्याच वहींत मुलानें यमकाखालीं रेघ ओढावी, उपमा हुडकावी, आणि न बोललेला अर्थ आजीलाच विचारावा. तो तिच्याइतका कोणत्याही गाइडाला सांगतां येणार नाहीं.

अशी वही घेऊन जें मूल शाळेंत येईल, त्याला अलंकार घोकावे लागणार नाहींत. आणि त्याची आई पुन्हां कधीं 'आम्हां अडाण्यांना काय कळतंय' असें म्हणणार नाहीं. येत्या शनिवारपासून अशा वह्या आम्हीं शाळेंत पाहूं. ज्यांच्या घरीं लिहिणारें कोणी नसेल त्यांनीं आजीला घेऊन शाळेंत यावें. लिहून घ्यायला आम्हीं बसूं.