दोन जिवांचं वजन
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर आहे. तरी हा विषय मागून घेतला, कारण तो वजनाचा आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर आहे. २००५-०६ मध्ये हे प्रमाण १२.६ टक्के होतं. महाराष्ट्रात ते २३.४, आणि आपण येऊन राहिलो त्या दिल्लीत ४१.३! या हिशेबात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया धरलेल्या नाहीत. त्यांच्या वजनात बाळाचंही वजन मिसळलेलं असतं. पण उद्याच्या गर्भवती यांच्यातल्याच ना?

मालडब्यावर रिकाम्या डब्याचं वजन रंगवलेलं असतं. ते ठाऊक नसेल तर काट्यावर चढवूनही माल किती भरला हे सांगता येत नाही. (भगिनींनी उपमेचा राग मानू नये.) गर्भारपणातही आधीचं वजन माहीत हवं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. उत्तर २५ किंवा अधिक आलं, तर सर्वेक्षण त्याला जादा वजन म्हणतं. आपल्याकडचे डॉक्टर २३ पासूनच सावध होतात. १५५ सेंटीमीटर उंचीची बाई ६० किलोला पंचविशी गाठते. आपल्या नजरेला ती लठ्ठ वाटतही नाही!

जादा वजनामुळे गरोदरपणी मधुमेह, रक्तदाब, सिझेरियन यांचा धोका वाढतो. आणि आपण म्हणतो, ‘दोन जिवांची आहे, दोघांचं खा.’ भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हिशेबाने चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे ३५० कॅलरीच जास्त लागतात. दोन पोळ्या, वाटीभर वरण, थोडं दूध, झालं. डोहाळजेवण जरूर करा, पण ते एकाच दिवसाचं असू द्या.

म्हणून सुनेला उपाशी मात्र ठेवू नका. त्याच सर्वेक्षणात ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. अंगाने भरलेली बाईसुद्धा रक्ताने कमी असू शकते. गरोदरपणी वजन उतरवायचं नसतं; किती वाढू द्यायचं ते डॉक्टरांना विचारायचं. साखरेची तपासणीही सुरुवातीलाच करून घ्यावी.

आणि नवरेमंडळींनी पहिल्या तपासणीला बरोबर जावं. माझ्या पाहण्यातल्या दोन कार्डांवर वजन दर महिन्याला नीट लिहिलेलं होतं, उंचीचा रकाना मात्र कोरा. तो तेवढा भरून घ्या.