बाजाराचा अभ्यास : कोणाच्या बाजूने?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



व्यवसाय-व्यवस्थापन आणि विपणन हे विषय पुरोगामी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात सहसा येत नाहीत. नफा वाढविण्याची ही विद्या आहे, ती कारखानदारांच्या मुलांनी शिकावी, असा एक समज चळवळीत दीर्घकाळ रुजलेला आहे. हा समज आता दोन कारणांनी तपासून घेतला पाहिजे. पहिले कारण असे की, या विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आज शेतकऱ्यांची, शिक्षकांची आणि गिरणी कामगारांची मुले-नातवंडे कर्ज काढून प्रवेश घेत आहेत. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. श्रमिकांच्या मालकीच्या म्हणून ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांतील कित्येक ध्येयाच्या अभावी बुडाल्या नाहीत. त्या हिशेबात आणि विक्रीत बुडाल्या. तेव्हा ही विद्या टाकून देण्याजोगी आहे काय, हा खरा प्रश्न नव्हे. बाजाराचा अभ्यास करणारा संशोधक त्या बाजारात नेमका कोणाच्या बाजूला उभा राहून पाहतो, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर बाजाराची शिस्त प्रथम खरेदीदाराच्या गरजेतून आली. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूस-बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. इंग्लंडच्या कापडगिरण्यांना चांगला कापूस रास्त दराने मिळत राहावा, ही त्यामागची प्रेरणा होती. कापूस पिकविणाऱ्या कुणब्याच्या पदरात काय पडते, याची चौकशी करण्यासाठी तो कायदा झालेला नव्हता.

ती चौकशी पुढे पुण्यात झाली. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली आणि अवघ्या तीन वर्षांत, म्हणजे १९३३ मध्ये, धनंजयराव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्याने केलेली पुण्यातील फळबाजाराची पाहणी संस्थेने प्रसिद्ध केली. बागेतून निघालेले फळ कोणाकोणाच्या हातून जाते, दर कसा ठरतो, वाटेत काय काय कापले जाते, असे या अभ्यासाचे स्वरूप होते. विपणन-संशोधन हा शब्द विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात येण्याच्या कितीतरी आधीचे हे विपणन-संशोधन आहे. विशेष म्हणजे हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. ज्याने बाजार अभ्यासला, त्यानेच उत्पादकांच्या संस्थेची जबाबदारी पत्करली. संशोधन आणि संघटन यांच्यातील हे नाते पुढच्या काळात तुटले, ही आजच्या विवेचनाची मध्यवर्ती खंत आहे.

ते कसे तुटले, हे पाहण्यासाठी संस्थांचा इतिहास थोडक्यात ध्यानात घ्यावा लागेल. कलकत्त्यात १९५३ साली समाजकल्याण आणि व्यवसाय-व्यवस्थापन या दोन्ही विषयांची मिळून एक संस्था निघाली. समाजकल्याण आणि व्यवसाय हे शब्द तेव्हा एकाच पाटीवर शोभत होते! पुढे १९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने पहिलीला एमआयटीच्या स्लोन विद्यालयाचे आणि दुसरीला हार्वर्डचे सहकार्य लाभले. मुंबई विद्यापीठात १९६५ साली जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था सुरू झाली, ती स्टॅनफर्डच्या सहकार्याने. या संस्थांनी अध्यापनाची शिस्त आणली आणि ग्रंथालये उभारली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच वेळी अमेरिकेतील व्यवस्थापन-शिक्षण एका स्थित्यंतरातून जात होते. फोर्ड आणि कार्नेगी या प्रतिष्ठानांच्या १९५९ च्या अहवालांनी तेथील विद्यालयांवर अभ्यास उथळ असल्याचा ठपका ठेवला होता आणि गणित, संख्याशास्त्र, मानसशास्त्र यांच्या आधारे संशोधन ‘शास्त्रीय’ करण्याचा आग्रह धरला होता. तेथून पद्धती आली, तिच्याबरोबर तिची गृहीतकेही आली. अभ्यासाचा घटक ठरला तो कंपनी. अभ्यासाचा विषय ठरला तो ग्राहक. फिलिप कोटलर यांचा १९६७ सालचा ‘मार्केटिंग मॅनेजमेंट’ हा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तक झाला. त्यातील चौकट कंपनीच्या व्यवस्थापकाला उपयोगी आहे यात शंका नाही. परंतु आडत्यासमोर मालाची गोणी घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या जागेवरून बाजार पाहण्यासाठी ती बेतलेली नव्हती.

गरिबांकडे या शास्त्राचे लक्ष गेलेच नाही असे नव्हे. अहमदाबादच्या संस्थेतच शिकलेले सी. के. प्रल्हाद यांनी २००४ च्या आपल्या ग्रंथातून समाजाच्या पिरॅमिडच्या तळाशी मोठी संपत्ती आहे असे प्रतिपादन केले आणि जगभर त्याचा गाजावाजा झाला. शाम्पूची रुपया-दोन रुपयांची पुडी हे त्या विचाराचे प्रतीक ठरले. अनिल कर्णानी यांनी २००७ मध्ये त्याला दिलेले उत्तर मात्र आपल्याकडे फारसे वाचले गेले नाही. गरिबाला ग्राहक समजून त्याला वस्तू विकण्याने त्याचे दारिद्र्य हटत नाही; त्याला उत्पादक माना, त्याच्याकडून खरेदी करा, त्याचे उत्पन्न वाढू द्या, असा त्यांचा युक्तिवाद होता. वादी आणि प्रतिवादी दोघेही व्यवस्थापनाचेच प्राध्यापक! याचा अर्थ असा की, या शास्त्राच्या पोटातच दुसरी बाजू घेण्याची शक्यता शिल्लक आहे.

ती शक्यता प्रत्यक्षात उतरविण्याचा एक मोठा प्रयत्न भारतात झालेला आहे. रवि मथाई हे अहमदाबादच्या संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक. १९७२ साली त्यांनी संचालकपद सोडले, परंतु प्राध्यापक म्हणून संस्थेतच राहिले आणि १९७५ मध्ये राजस्थानातील जवाजा या अवर्षणग्रस्त भागात जाऊन काम सुरू केले. तेथील विणकर आणि चर्मकार यांच्या हातात कसब होते. नव्हता तो बाजार. कच्चा माल व्यापाऱ्याकडून, विक्री व्यापाऱ्याकडे आणि हिशेबही व्यापाऱ्याच्याच वहीत. मथाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे कंपनी काढली नाही. वस्तूची घडण ठरविणे, खर्च काढणे, माल खरेदी करणे, शहरात जाऊन स्वतः विकणे ही कामे कारागिरांनी आपल्या हाती घ्यावीत यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. व्यवस्थापन ही वरिष्ठांची मिरास नसून शिकता येणारे कसब आहे, हे त्या प्रयोगाने दाखविले. देशातील नामांकित व्यवस्थापन-विद्यालयाचा माजी संचालक ज्या गावात गेला, तेथे आज किती प्रबंधांचे लेखक जातात?

आणंदची कथा अधिक परिचित आहे. खेडा जिल्हा दूध उत्पादक संघ १९४६ चा. त्रिभुवनदास पटेलांचे संघटन आणि वर्गीज कुरियन यांचे व्यवस्थापन यांच्या जोडीने तो वाढला. ग्रामीण उत्पादकांच्या संस्थांना व्यवस्थापक मिळावेत म्हणून १९७९ मध्ये आणंदलाच स्वतंत्र संस्था काढावी लागली. या संघटनाचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यास-निबंधांनुसार ग्राहकाने मोजलेल्या एका रुपयातून टोमॅटो उत्पादकाला सुमारे ३३ पैसे, कांदा उत्पादकाला ३६ आणि बटाटा उत्पादकाला ३७ पैसे मिळतात. दुधाच्या बाबतीत हा वाटा सुमारे ७० पैसे आहे. अर्थात् दूध आणि टोमॅटो यांची सरळ तुलना करणे अशास्त्रीय ठरेल. दुधाची मागणी रोजची असते, त्यावर प्रक्रिया करून भुकटी साठविता येते. टोमॅटो लवकर सडतो. परंतु या फरकातील किती भाग मालाच्या स्वभावाचा आणि किती संघटनेचा, हे वेगळे काढून दाखविणे हाच तर संशोधनाचा विषय होय!

आता सामान्य विद्यापीठांतील चित्र पाहावे. अमुक शहरातील ग्राहकांचे तमुक वस्तूविषयीचे समाधान, असे शीर्षक, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पायऱ्यांची प्रश्नावली, ओळखीपाळखीतून भरून घेतलेली शे-दोनशे उत्तरे, संगणकातून काढलेली कोष्टके, आणि शेवटी कंपनीने जाहिरात वाढवावी अशी शिफारस. या साच्यातून बाहेर पडलेल्या प्रबंधांचा ना कंपनीला उपयोग, ना समाजाला. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. नोकरी आणि बढती छापील निबंधांच्या संख्येवर ठरू लागली, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीची पुण्यातील अभ्यासकांनी पुढाकार घेऊन केलेली तपासणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा तिचा निष्कर्ष होता. पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्ती आयोगाने २०२२ च्या नियमांत काढून टाकली. सक्ती गेली, पण साचा गेला नाही.

जेथे साधने उत्तम आहेत, तेथे दार अरुंद आहे. अहमदाबादच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क आज वीस लाख रुपयांच्या पुढे आहे. एवढे कर्ज डोक्यावर घेतलेला तरुण जवाजाला जाणार नाही, तो मोठ्या पगारामागेच जाईल. त्याला नीतीचे पाठ देणे व्यर्थ आहे. आणि उद्याचे संशोधक व प्राध्यापक जेथे घडतात, त्या पीएच.डी. प्रवेशात अहमदाबादच्या संस्थेने आरक्षण लागू केले ते २०२५ च्या प्रवेशापासून, तेही प्रकरण न्यायालयात गेल्यानंतर. ज्यांच्या घरात आडत्याचा काटा रोजच्या अनुभवाचा आहे, ते संशोधकांच्या रांगेत नसतील, तर त्या काट्याविषयी प्रश्न विचारणार कोण?

परंतु केवळ विद्यापीठांकडे बोट दाखवून भागणार नाही. सहकारी संस्थांनी संशोधकाला किती वेळा आपली दप्तरे उघडून दाखविली? व्यवस्थापकाच्या जागी संचालकांचा भाचा-पुतण्या नेमायचा, विक्रीचा दर बंद खोलीत ठरवायचा, आणि संस्था आजारी पडली की भांडवलशाहीच्या नावाने खडे फोडायचे, ही रीत चळवळीलाही सुटलेली नाही. लोकशाही नियंत्रण आणि कुशल व्यवस्थापन यांत विरोध आहे असे मानणे हाच मूळ भ्रम. सभासदाला कळेल असा ताळेबंद हे लोकशाहीचेच साधन आहे.

संशोधनाचे विषय समोर पडलेले आहेत. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. त्यानंतर शेतकऱ्याचा निव्वळ वाटा वाढला, की तीच रक्कम पडत्या दरातून वसूल झाली? डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळातील कांदा निर्यातबंदीचा भार लासलगावच्या शेतकऱ्यावर किती आला, व्यापाऱ्यावर किती? बचत गटाच्या बाईने केलेली चटणी चांगली असूनही दुकानाच्या फळीवर का टिकत नाही? या प्रत्येक प्रश्नावर एक पदव्युत्तर प्रबंध उभा राहू शकतो.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम त्यामानाने साधे आहे. आपल्या तालुक्यात व्यवस्थापनाचे शिक्षण घेणारी मुले कोण आहेत हे शोधावे. त्यांना बाजार समितीत, दूध संघात, बचत गटात घेऊन जावे. पट्ट्या, पावत्या, हिशेबाच्या वह्या त्यांच्यासमोर ठेवाव्यात आणि त्यांनी काढलेले निष्कर्ष, ते संस्थेच्या कारभाऱ्यांना अप्रिय असले तरी, सभासदांच्या सभेत वाचू द्यावेत. एका रुपयातील तेहतीस पैसे कोणाचे आणि सदुसष्ट कोणाचे, हे सांगणारी विद्या कोणा एका वर्गाची नसते. जो तिला प्रश्न विचारतो, त्याची ती होते.