एजंट कोणाचा माणूस?



तेंदूचा हंगाम आला, की आपण अंधारातच जंगलात निघतो. घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतो, संध्याकाळी फळीवर नेतो. भावाची बोलणी मात्र ग्रामसभेच्या वतीने दुसराच कुणी करतो. आज त्याच्याविषयी बोलू.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे आपल्या भागातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू, तेंदू स्वतः विकू लागल्या. म्हणजे मालक आपण झालो. मग मालकासारखं विचारायलाही शिकलं पाहिजे.

ठेकेदार माल विकत घेतो. तो स्वस्तच मागणार. तो आपला एजंट नाही, आणि त्याच्याकडून पगार घेऊन पुडे मोजणारा माणूसही आपला नाही. पण गिऱ्हाईक शोधायला, बोलणी करायला, पैसे आणायला ग्रामसभेने ज्याला नेमलं, तो आपला एजंट. मग तो गावातला भाऊ का असेना.

१८७२ चा भारतीय करार कायदा अशा माणसाची कर्तव्यं सांगतो. त्याने आपण सांगितलं तसंच वागावं. काम काळजीने करावं. अडचण आली तर आपल्याला कळवून विचारावं. मागितला की हिशेब द्यावा. आलेल्या पैशातून स्वतःचा मेहनताना आणि योग्य खर्च वजा करून बाकी सगळे आपल्याला द्यावेत. आणि आपल्याला न सांगता त्याच सौद्यात स्वतःचा धंदा करू नये. समजा, त्याने आपला माल भावाच्या नावावर गुपचूप स्वतःच घेतला आणि पुढे जास्त भावाने विकला. तर तो वरचा नफा ग्रामसभा मागू शकते.

हिशेब मागणं म्हणजे कुणाला चोर म्हणणं नव्हे, बायांनो. प्रामाणिक माणसालाही हिशेबाचाच आधार असतो.

पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा: भाव किती ठरला? पैसे किती आले, कोणत्या खात्यात? तुमचा मेहनताना कोण देतं, आम्ही की ठेकेदार? उत्तरं ठरावाच्या वहीत लिहून घ्या आणि मोठ्याने वाचायला लावा. वाचता न येणाऱ्या बाईनेही पानं तोडलेली असतात.